केटी आणि जमिनीतले दिवे

"मराठी विभागाची पानं कमी पडताहेत, तू काहीतरी दे ना," असं आमच्या संपादिकाबाई (म्हणजे माझी शेजारच्या रूममधली मैत्रीण) मेसमध्ये म्हणाल्या, तेव्हा मी चक्क हसले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. मराठीचा तास सोडून शाळेत मराठी बोललं की दंड पडायचा. एकोणसत्तर म्हणजे 69 की 79, हे मला अजूनही मनातल्या मनात ट्रान्सलेट करून बघावं लागतं. माझ्याकडून मराठी लेख मागणं म्हणजे सिव्हिलवाल्यांकडून सर्किट डायग्राम मागण्यासारखंच!

पण मग विचार केला, जे सांगायचंय ते सगळं मराठीतच घडलंय. वायरमन काका मराठीत बोलले, मेसच्या मावशी मराठीत बोलल्या, माळीकाका तर मराठीतच भांडले. या सगळ्यावर मी इंग्रजीत चौदा पानांचा रिपोर्ट लिहिलाय. डिपार्टमेंटच्या कपाटात आहे. त्यात आकडे आहेत, ग्राफ आहेत, कन्क्लूजनही आहे. फक्त केटी नाही. म्हणून हा लेख.

तर मित्रमैत्रिणींनो, ही केटी म्हणजे एम-थ्रीची केटी नव्हे. फर्स्ट इयरच्या मुलांना माहीत नसेल म्हणून सांगते. लेडीज हॉस्टेलच्या गेटपाशी एक तांबूस रंगाची कुत्री असायची. एकदा मागे लागली की सुटायची नाही, म्हणून सीनियर्सनी तिचं नाव केटी ठेवलं होतं. मेसच्या पोळ्या आवडीने खाणारा कॅम्पसवरचा एकमेव जीव. रात्री रीडिंग हॉलमधून परत येताना ती कुणाच्या ना कुणाच्या सोबतीला गेटपर्यंत चालत यायची आणि मग पायवाटेच्या कडेला अंग मुडपून झोपायची.

आता दिव्यांकडे येते. 2024 च्या ऑगस्टमध्ये मी सेकंड इयरला होते. 15 सप्टेंबरला, अभियंता दिनाला, माजी विद्यार्थ्यांचा मोठा मेळावा होणार होता. त्यासाठी सुशोभन समिती नेमली आणि 'इलेक्ट्रिकलची आहे' या एकमेव गुणावर मला तिच्यात घेतलं. समितीने ठरवलं की मेन बिल्डिंगसमोर जमिनीत बसवायचे दिवे लावायचे. तुम्ही पाहिले असतील. हॉटेलच्या लॉनवर, मॉलसमोर, एखाद्या मोठ्या देवळाच्या आवारात फरशीच्या लेव्हलला एक गोल काच असते, भोवती स्टीलची रिंग, आणि उजेड खालून वर भिंतीवर किंवा झाडावर जातो. खांब नाही, लोंबणारी वायर नाही. दिवसा दिवा कुठे आहे ते कळतसुद्धा नाही.

निवड माझ्याकडे आली. मी दोन दिवस कॅटलॉग चाळले आणि एक्सेलमध्ये सुंदर तक्ता केला. त्यात वॅट होते, किंमत होती आणि फोटो होता. होय, 'फोटो' असा एक कॉलमच होता! ज्याचा फोटो सगळ्यात भारी आणि किंमत बऱ्यापैकी कमी, तो दिवा मी निवडला. 'वॉटरप्रूफ आहे, आयपी 65' असं सांगण्यात आलं. 65 म्हटल्यावर मला ते फर्स्ट क्लाससारखंच वाटलं. एकूण बारा दिवे घेतले. सहा मेन बिल्डिंगच्या भिंतीला, दोन वडाला, चार लेडीज हॉस्टेलच्या पायवाटेला. सगळे सरळ 230 व्होल्टवर. खड्डे खणले, दिवे ठेवले, बाजूने सिमेंट ओतलं. वायरचे जॉइंट खड्ड्यातच, काळी टेप गुंडाळून. मी तिथे उभी होते, पण फोटो काढत होते.

14 सप्टेंबरच्या संध्याकाळी पाऊस झाला. रात्री नऊला ट्रायल घ्यायची होती. स्विच टाकला, बारा दिवे लागले, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि खट्! सगळा अंधार. आरसीसीबी ट्रिप झाला होता. परत टाकला, परत खट्. असं पाच वेळा झालं.

इतर ब्रँचवाल्यांसाठी सांगते, आरसीसीबी हे काही गुंतागुंतीचं प्रकरण नाही. तो फक्त हिशेब ठेवतो. एका वायरने जेवढा करंट गेला तेवढाच दुसरीने परत आला पाहिजे. 30 मिलिअँपिअरचा फरक पडला, की करंट भलत्याच वाटेने, म्हणजे ओल्या मातीतून किंवा एखाद्याच्या अंगातून जातोय असं तो धरतो आणि क्षणाच्या आत सप्लाय तोडतो. 30 मिलिअँपिअर म्हणजे अगदी किरकोळ. तेवढ्यात साधा झिरोचा बल्बसुद्धा धड लागणार नाही. पण माणसाच्या छातीतून त्याच्याहून जास्त करंट थोडा वेळ जरी गेला, तरी हृदयाचा ताल बिघडू शकतो.

हे सगळं मला तेव्हाही माहीत होतं. व्हायव्हात विचारलं असतं तर धडाधड सांगितलं असतं.

वायरमन काका म्हणाले, "ताई, ट्रिप होतंय म्हंजे आत पाणी गेलंय. सकाळी एकेक उघडून बघू."

मी म्हणाले, "काका, सकाळी पाहुणे येणार. प्लीज, आजच्या रात्रीपुरतं डायरेक्ट करा ना. उद्या कार्यक्रम झाला की परत लावू."

ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. सर पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले होते. मी परत एकदा प्लीज म्हणाले. काकांनी पॅनल उघडलं.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम झकास झाला. संध्याकाळी मेन बिल्डिंग उजळली, माजी विद्यार्थ्यांनी फोटो काढले, माइकवरून माझं नाव घेतलं. मी घरी आईला फोन करून सांगितलं. मग सबमिशन आलं, युनिट टेस्ट आली, आणि 'परत लावू' हे मी साफ विसरले. काका विसरले नव्हते. त्यांनी मला एकदा कॉरिडॉरमध्ये विचारलंही होतं. मी घाईत म्हटलं, "हो काका, बघते."

25 सप्टेंबर, बुधवार. रात्रभर परतीचा पाऊस होता. पहाटे पाचला मेसच्या मावशी नेहमीप्रमाणे पायवाटेने येत होत्या. केटी दिव्याच्या कडेलाच पडलेली दिसली. (काचेला थोडी ऊब असते, म्हणून ती तिथे बसायची.) मावशींना वाटलं झोपलीय. हलवायला हात लावला आणि हाताला जोरात झटका बसला. त्या ओरडल्या, वॉचमनकाका धावत आले, त्यांनी मेन स्विच पाडला. मावशींच्या पायात रबरी चपला होत्या. केटीच्या पायात काहीच नव्हतं.

मी हे सगळं सहा वाजता गॅलरीतून पाहिलं. खाली पंधरा-वीस मुली उभ्या होत्या. कुणी रडत होतं, कुणी कॉन्ट्रॅक्टरला शिव्या देत होतं. मी खाली गेले नाही.

दुपारपर्यंत वायरमन काकांना मेमो मिळाला, 'सुरक्षा उपकरण बायपास केल्याबद्दल'. काकांनी मेमो घेतला, सही केली आणि कुणाचंच नाव घेतलं नाही. दोन दिवस मी कुणाशी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या रांगेत मावशींनी माझ्या ताटात पोळी वाढली तेव्हा त्यांच्या उजव्या हाताकडे माझं लक्ष गेलं. मग मात्र राहवेना. तशीच उठून सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, आणि बरंचसं रडण्यात.

सर ओरडतील असं वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "हे लिहून दे." मी अर्ज लिहिला. काकांचा मेमो फाईलमध्ये आहे आणि त्याच्याखाली माझा अर्जही आहे. मग सर म्हणाले, "आता दिवे परत निवडायचे. तूच निवडायचे. फक्त या वेळी कॅटलॉग सगळ्यात शेवटी उघडायचा."

काकांची माफी मागायला गेले तेव्हा ते पाना शोधत होते. म्हणाले, "चूक माझीबी हाय ताई. माझा हात होता पॅनलला." पुढे काही नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच बोलावलं, "चला, खणून बघू."

पहिला दिवा काढला. काचेच्या आत अर्ध्यापर्यंत पाणी, आणि त्यात चक्क एक गोगलगाय! खड्ड्यातला जॉइंट पाण्यात बुडालेला. अर्थिंगची वायर हिरवी पडून तुटलेली. म्हणजे दिव्याच्या स्टीलच्या रिंगमध्ये करंट उतरला, अर्थिंगने त्याला वाट दिली नाही, आणि आरसीसीबी तर माझ्याच सांगण्यावरून बाजूला होता. रक्षणासाठी ठेवलेली दोन माणसं एकाच रात्री रजेवर.

पण दिव्याची रबरी रिंग धड होती, काच कुठे फुटली नव्हती. मग पाणी आत गेलं कसं? हा प्रश्न सरांनी मला आठवडाभर दिला. उत्तर सापडलं तेव्हा मला गंमत वाटली आणि थोडी भीतीही. दिवा श्वास घेतो! समजा आतली हवा 27 अंशांवर आहे, म्हणजे 300 केल्व्हिन. दिवा लागला की ती 57 अंशांपर्यंत, म्हणजे 330 केल्व्हिनपर्यंत तापते. फुगलेली हवा फटीफटींतून थोडी बाहेर पडते. दिवा बंद झाला किंवा वरून गार पाऊस पडला, की उरलेली हवा आक्रसते. आतला दाब अकराव्या हिश्शाने कमी होतो. वातावरणाचा दाब म्हणजे साधारण 10.3 मीटर पाण्याचा स्तंभ. त्याचा अकरावा हिस्सा म्हणजे 90 सेंटिमीटरच्या वर. दिवा रोज एकदा तीन फूट पाण्याइतक्या जोराने आत ओढतो. आणि रिंग घट्ट असली तरी केबल आहेच. तिच्यातल्या केसासारख्या बारीक तारांच्या मधून, स्ट्रॉमधून उसाचा रस यावा तसं, जॉइंटमधलं पाणी थेट दिव्यात येतं.

मग ते 65 काय होतं? आयपीचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. 5 म्हणजे नळीने पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. भिंतीवरच्या दिव्याला तो पुरतो. 7 म्हणजे एक मीटर पाण्याखाली अर्धा तास. 8 म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोल आणि किती वेळ हे बनवणाऱ्याने लिहून द्यायचं असतं, ते वाचायचं. म्हणजे हा फर्स्ट क्लास नव्हे, दोन वेगवेगळ्या पेपरांचे मार्क आहेत. जमिनीतल्या दिव्याला किमान 67 पाहिजेच.

पण 'अर्धा तास' म्हणजे अर्धा तास. आपल्याकडे पाणी किती वेळ साचतं, हे कॅटलॉगमध्ये नसतं. ते कळायला एक बादली लागते. मी आणि काकांनी भिंतीजवळ आणि वडाजवळ दीड-दीड फुटाचे खड्डे खणले आणि त्यांत पाणी ओतलं. वडाजवळ जुना मुरूम भरलेला आहे. तिथलं पाणी वीसेक मिनिटांत जिरलं. भिंतीजवळ काळी माती. तिथलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच! आणि ही काळी माती नुसती पाणी धरत नाही, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यात ठेवलेला दिवा दोन वर्षांत मान वाकडी करणार.

मी पुस्तकातला उपाय सांगितला, "दिव्याखाली एक फूट खडी टाकू." काका हसले. म्हणाले, "काळ्या मातीत खडी टाकली तर टाकी होईल. पाणी खडीत येईल, जाईल कुठं?" मग ठरलं, खडी टाकायची, पण तळातून उतार देऊन एक पीव्हीसी पाइप गटारापर्यंत न्यायचा. हे मला कुठल्याही वेबसाइटवर नंतर सापडलं असतं कदाचित, पण कॅम्पसच्या गटाराचा उतार कुठे आहे ते फक्त काकांनाच माहीत होतं.

यानंतर व्होल्टेज. 230 नको, हे तर ठरलंच होतं. मी मोठ्या उत्साहाने 12 व्होल्ट लिहिलं. सरांनी विचारलं, "शेवटचा दिवा पेटेल का?" हिशेब केला. तेव्हा आमच्या डोक्यात आठ दिवे होते, 9 वॅटचे, म्हणजे 72 वॅट. 50 मीटर लांब, अडीच स्क्वेअरची कॉपर केबल. जाऊन-येऊन 100 मीटरचा रेझिस्टन्स साधारण 0.74 ओहम. सगळा लोड टोकाला धरला तर 12 व्होल्टला करंट 6 अँपिअर आणि ड्रॉप 4.4 व्होल्ट, म्हणजे 37 टक्के वाटेतच गायब! 24 व्होल्टला करंट 3 अँपिअर, ड्रॉप 2.2 व्होल्ट, म्हणजे 9 टक्के. 24 घेतलं. धोका 230 च्या मानाने खूपच कमी आणि दिवाही पेटतो. पॉवर सप्लाय कोरड्यात, भिंतीवरच्या पेटीत, आणि त्याच्या आधी आरसीसीबी. दिव्याची केबल फॅक्टरीतूनच सील करून आलेली, जेणेकरून तारांमधून पाणी चढणार नाही. आणि जॉइंट एकही खड्ड्यात नाही.

एवढं झाल्यावर सर म्हणाले, "आता उजेडाचं बघ." मला वाटायचं, उजेड म्हणजे वॅट. जास्त वॅट, जास्त शोभा. आम्ही चार रात्री टॉर्च घेऊन भिंतीसमोर उभे राहिलो. (वॉचमनकाकांना आम्ही चोर वाटलो, तो किस्सा पुन्हा कधीतरी.) आपली मेन बिल्डिंग काळ्या दगडाची, 9 मीटर उंच. काळा दगड उजेड पिऊन टाकतो. जुने दिवे 60 अंशांचे होते आणि भिंतीपासून एक मीटर लांब. उंचीला अर्ध्या कोनाच्या टॅनने गुणा आणि दुप्पट करा, म्हणजे झोताची रुंदी मिळते. 60 अंशांचा झोत 9 मीटर वर पोचेपर्यंत साडेदहा मीटर रुंद होतो. त्यातला थोडा भिंतीवर, थोडा लायब्ररीच्या खिडकीतून आत आणि बाकीचा आकाशात. 10 अंशांचा झोत तेवढ्याच उंचीवर जेमतेम 1.6 मीटर. म्हणजे दोन खिडक्यांच्या मधल्या दगडी खांबाएवढाच!

टॉर्च भिंतीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरावर धरला, तेव्हा एक गोष्ट झाली. उजेड दगडाला घासत वर गेला आणि छिन्नीचा एकेक घाव उठून दिसायला लागला. त्या भिंतीसमोरून मी दीड वर्ष ये-जा केली होती, पण कुणीतरी हाताने घडवलेले दगड आहेत हे पहिल्यांदा दिसलं. तोच टॉर्च ऑफिसच्या प्लास्टरच्या भिंतीला लावला, तर तिचे सगळे पोपडे आणि डागडुजी चंद्रावरच्या खड्ड्यांसारखी दिसली! तिथे दिवा नको, हे लगेच ठरलं.

पायवाटेचा निकाल मावशींनी लावला. मी विचारलं, तर म्हणाल्या, "खरं सांगू का ताई? ते दिवे होते तेव्हा डोळ्यात जायचे. पाऊल कुठं टाकतो ते दिसायचं नाही." बरोबरच होतं. खालून वर जाणारा उजेड चालणाऱ्याच्या तोंडावर पडतो, वाटेवर नाही. भुताच्या सिनेमासाठी ठीक, पहाटे पाचला अंधारात येणाऱ्या बाईसाठी नाही. त्या वाटेने रोज चालणाऱ्या माणसाला आम्ही 2024 मध्ये एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिथे आता गुडघ्याएवढे खांब आहेत, उजेड खाली पाडणारे.

वडाचा निकाल माळीकाकांनी लावला. "मुळं तोडून दिवा लावणार? कशाला? पिंगळे आहेत ढोलीत. त्यांना झोपू द्या की... म्हणजे जागू द्या की!" आम्ही हसलो, पण मुद्दा खरा होता. जमिनीतला दिवा स्वभावानेच आकाशाकडे तोंड करून असतो. जे भिंतीवर किंवा पानांवर अडत नाही ते सगळं वर जातं. जानेवारी 2024 मध्ये आपल्याच महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. तिथे काळोख जपतात. आम्ही निदान एका वडापुरता जपू शकतो. वडाला एकही दिवा नाही.

आणि मग शेवटी, खरंच शेवटी, कॅटलॉग उघडला. आता काय मागायचं हे पाठ होतं. आयपी 67 किंवा 68. काचेला आयके 10, म्हणजे पाच किलोचं वजन 40 सेंटिमीटरवरून पडलं तरी टिकेल अशी. आतला झोत थोडा भिंतीकडे कलता करता येईल असा. वर जाळी, म्हणजे बाजूने येणाऱ्याच्या डोळ्यात जाणार नाही. रंग पिवळसर, 3000 केल्व्हिन. 24 व्होल्ट. सील केबल. एवढ्या अटींत तीनच दिवे टिकले. त्यांतला कुठला फोटोत छान दिसतो हे मी बघितलंच नाही.

15 सप्टेंबर 2025 ला संध्याकाळी नवे दिवे लागले. चार दगडी खांब, चार दिवे. बारा नाही, आठ नाही, चार. समितीतले एक जण म्हणाले, "वर्षभर अभ्यास करून चारच? बाकीचे पेटले नाहीत का?" काका माझ्याकडे बघून हसले. त्या आठवड्यात पाऊसही झाला. सकाळी आम्ही दोघं काचा बघायला गेलो. चारही कोरड्या.

दर महिन्याच्या एक तारखेला मी आणि काका पॅनलपाशी जातो. आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं एक छोटं बटण असतं, टेस्टचं. ते दाबायचं. खट् आवाज होऊन दिवे गेले पाहिजेत. गेले की परत चालू करायचं आणि वहीत सही करायची. मी पास आउट झाल्यावर कुणी यायचं, हे ठरायचं आहे. सेकंड इयरवाल्यांनो, नावं द्या.

आता एकच विनंती, आणि ती खास हॉस्टेलवाल्यांना. तुमच्या विंगचा सप्लाय ट्रिप होतो, बहुतेक वेळा कुणाच्या तरी बादलीतल्या कॉइलमुळे किंवा तुटक्या इस्त्रीमुळे. परीक्षा उद्या असते, अंघोळ राहिलेली असते, मोबाईल चार्ज व्हायचा असतो. तेव्हा वायरमन काकांना "आजच्या रात्रीपुरतं डायरेक्ट करा" असं म्हणावंसं वाटेल. म्हणू नका. काका तुम्हाला नाही म्हणू शकतात, पण आपण प्लीज म्हटलं की त्यांना ते जड जातं. ट्रिप होणं म्हणजे बिघाड नसतो, कुणीतरी आपल्याला बिघाड झालाय हे सांगत असतं.

केटीला वडाखाली पुरलंय. तिथे पाटी वगैरे काही नाही, आणि दिवाही नाही.

असो. शुद्धलेखनाच्या चुका संपादिकाबाईंच्या नावावर घालाव्यात. बाकीच्या माझ्या.